टोपली गेली, शब्द राहिले

इसवी सन 43. यहुदियातल्या एका गावच्या चौकात तुम्ही उघड्यावरच झोपला आहात. वाटेत विटाळ नको म्हणून रात्री कुणीच कुणाच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. पहाटे प्रमुखाची हाक येते आणि तुम्ही आधी टोपली चाचपता. सोललेल्या वाळुंजाच्या काड्यांची साधी टोपली. आत गहू, वर अंजिरं. झाडावर पहिलं अंजीर पिकताना दिसलं, तेव्हाच देठाला लव्हाळ्याची गाठ मारून तुम्ही ते देवाचं म्हणून ठेवलं होतं.

वल्हांडणापासून 49 दिवस मोजले गेले, पन्नासाव्या दिवशी शावुओत हा ज्यूंचा सुगीचा सण झाला. त्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिरात नव्या गव्हाच्या दोन खमिराच्या भाकरी वाहतात. त्यानंतरच शेतकऱ्याने पहिलं पीक आणायचं. आधी आणलं तर घेत नाहीत.

पुढे बैल चालतोय, शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. बासरी वाजतेय. शहरात शिरताच कारागीर हातातलं काम टाकून उठतात आणि गावाचं नाव घेऊन तुमची विचारपूस करतात. मंदिराच्या टेकडीवर तर राजा अग्रिप्पालाही टोपली स्वतःच्या खांद्यावर घ्यावी लागते.

तुमच्या पोटात मात्र गोळा आलाय. याजकासमोर तोरा या धर्मग्रंथातला उतारा म्हणायचा असतो: आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आम्हाला गुलाम केलं, देवाने सोडवलं, ही भूमी दिली. तुम्हाला तो पाठ नाही. पुढच्या माणसाची टोपली चांदीची; ती त्याला रिकामी करून परत मिळेल. तुमची काड्यांची मात्र फळांसकट याजकाकडे राहील. आता शब्दांतही फजिती?

तसं होत नाही. पूर्वी ज्याला येई तो आपला आपण म्हणे, न येणाऱ्याला सांगावं लागे. लाजेपायी लोक यायचेच बंद झाले, तेव्हा नियम बदलला: येवो न येवो, सगळ्यांनाच सांगायचं. चांदीवालाही ऐकून ऐकूनच म्हणतो. तुमची पाळी येते. टोपली खांद्यावरून उतरवून तुम्ही काठांना धरता, याजक खालून हात लावतो, आणि कधी न पाहिलेल्या गुलामीबद्दल तुम्ही ‘आम्हाला’ म्हणता.

आता 27 वर्षं पुढे या. सन 70. रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने मंदिर जाळलंय. याजकाचं काम उरलं नाही, टोपली न्यायला जागा नाही. शावुओत नुसता सुगीचा सण असता तर इथेच संपला असता. पण सीनाय पर्वतावर मोशेच्या हाती तोरा आली ती याच दिवसांत, असा हिशेब रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, मांडला आणि सुगीचा सण ग्रंथाचा झाला.

आणखी पुढे, सोळावं शतक, ऑटोमन साम्राज्य. रब्बी योसेफ कारो आणि रब्बी श्लोमो अल्काबेत्झ यांच्या सोबत्यांत तुम्ही बसला आहात. शावुओतची रात्र वाचनात जागून काढायची आहे. जुनी कथा अशी, की तोरा मिळायची त्या सकाळी इस्राएली लोक झोपून राहिले. त्याचंच हे परिमार्जन. पुढे ही जागरणाची रीत दूरवर पसरली.

अनेक ठिकाणी या सणाला रूथची कथाही वाचतात. रूथ मवाबी, परकी, विधवा; दुसऱ्याच्या शेतात सांडलेली कणसं वेचणारी. सीनायपाशी तिचं कुणी नव्हतं, तरी तिने तो धर्म स्वतःहून पत्करला आणि दावीद राजा तिच्याच वंशात जन्मला. तोरा एकदाच दिली गेली, असं परंपरा मानते. घ्यायची मात्र प्रत्येकाने नव्याने. ज्याला येत नाही त्याला शेजारच्याने सांगावं, एवढी सोय मंदिराच्या अंगणातच झाली होती, आणि तिला ना टोपली लागते, ना मंदिर.