मोगलाईची वाट

वैरागहून उगवतीला निघालं की थोड्याच वेळात जमीन उचलायला लागते. काळं रान संपतं, मुरूम लागतो, आणि समोर बालाघाटाची रांग उभी राहते. माझ्या लहानपणी त्या डोंगराला बालाघाट असं कुणी म्हणत नव्हतं. 'मोगलाईचा डोंगर' म्हणत. मोगल जाऊन अडीचशे वर्षं झालेली, निजामही १९४८ साली गेलेला, पण आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडातून मोगलाई काही गेली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा चुलता म्हणाला, "पोरगी मोगलाईतली हाय, पण चांगली हाय." तो 'पण' माझ्या बायकोनं आजवर विसरलेला नाही.

तिचं माहेर घाटावर, धाराशिवच्या बाजूला. तीसेक वर्षं आम्ही तुळजापूरच्या मोठ्या रस्त्यानं ये-जा केली. गेल्या काही वर्षांत मी शाळेतून रिटायर झालो, घाई संपली. एका श्रावणात निघताना ती म्हणाली, "अहो, आज डांबरीनं नको. आज्जी उतरली त्या वाटेनं चढू."

ती वाट आता बरीचशी रस्ता झालीय. पण असा, की समोरून ट्रॅक्टर आला तर एकानं बांधावर चढायचं. दोन्ही अंगाला सीताफळीची झुडपं, उडीद पिवळा पडत आलेला, चढणीला शेळ्या. आणि वळणं कशी, तर विनाकारण. समोर सरळ माळ असताना रस्ता ओढ्यात उतरतो, टेकडीला वळसा घालतो आणि पुन्हा जवळजवळ तिथंच येतो. ज्यानं आखला त्याचं डोकं फिरलं होतं, असंच वाटावं.

डोकं फिरलेलं नव्हतं. बार्शी तालुका इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता आणि वरचा मुलूख निजामाचा. १८५३ साली कर्जापोटी निजामानं वऱ्हाडाबरोबर हा धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. सत्तावनात मदत केली म्हणून १८६० साली इंग्रजांनी तो परत दिला. सात वर्षं ही हद्द नव्हती म्हणायची, बाकी ती होतीच. हद्द म्हणजे नाका, आणि नाका म्हणजे करोडगिरी. माल इकडून तिकडं न्यायचा तर निजामाची जकात भरायची. पैसाही वेगळा. खाली कलदार चाले, वर हाली शिक्का; साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार. मोठ्या व्यापाऱ्याला याचं काही नव्हतं. त्याचा कापूस बार्शी लाईटच्या अडीच फुटी रुळांवरून जाई. ती गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि पुढं येडशीवरून लातूरपर्यंत गेली. ज्याच्याकडं एक पोतं किंवा चार लुगडी, तो रात्री निघायचा आणि नाका चुकवायचा. माझा अंदाज असा, की ही वळणं त्यांनी पाडली. पायवाटेची गाडीवाट झाली, गाडीवाटेवर खडी पडली, आणि आज आम्ही दुसऱ्या गेरमध्ये ज्या वळणावर घामाघूम होतो, तिथं कोण्या काळी कुणीतरी शिपायाच्या कंदिलाकडं बघून बाजूला सरकला होता.

१९४७-४८ साली त्याच वाटांनी माणसं उतरायला लागली. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, म्हणजे या भागाला ते संकट घरातलंच. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लोकांनी सोलापूर जिल्ह्यात सरहद्दीवर कॅम्प उघडले. बार्शी तालुक्यातली गावं निर्वासितांनी भरली. वैरागातल्या जुन्या वाड्यांत तेव्हा एकेका खणात एकेक कुटुंब होतं, असं माझी आई सांगायची.

हिची आज्जी त्यातलीच. काखेत हिचे वडील, सहा महिन्यांचे; बोटाला आठ वर्षांचे थोरले काका. बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबलेल्या. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय, की चिंध्यांचा रंगही सांगू शकेन. आज्जी सांगायची तेव्हा त्यात एक माणूस असायचा: शेजारचा पिंजारी. गाद्या भरायला तो खालच्या गावांत हिंडायचा, म्हणून त्याला वाटा पाठ. खिंडीपर्यंत तो पुढं चालला आणि तिथून माघारी गेला. इथं आज्जीची गोष्ट संपायची. पुढं दिवाळीला सगळे घरी परतले, घर शाबूत होतं, एवढं एक वाक्य.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौजा नळदुर्गच्या रस्त्यानं शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. हिच्या माहेरी त्या दिवशी शाळेत झेंडा चढतो. डोंगराखाली आमच्या शाळेत तो दिवस इतर दिवसांसारखाच. पण १७ तारखेनंतरचे आठवडे दोन्हीकडच्या शाळांत कुणी शिकवत नाही, मीही शिकवले नाहीत, पुस्तकात नव्हतेच. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती त्या वर्षाअखेर संस्थानात हिंडली. तिच्या अहवालात सगळ्यात जास्त झळ लागलेले चार जिल्हे दिलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. संस्थानात मिळून किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असा तिचा अंदाज, आणि मेलेले बहुतेक मुसलमान. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. रझाकारांनी केलं ते खरं, आणि त्याचा सूड ज्यांच्यावर काढला त्यातल्या पुष्कळांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, हेही खरं.

खिंडीच्या अलीकडं एक धनगर भेटला. काठीवर हनुवटी टेकवून उभा.

"पाव्हणं, गाडी फुडं न्हाय जायाची. वड्याला पाणी हाय. घटकाभर थांबा, उतरंल."

थांबलो. ही उतरली आणि नेहमीप्रमाणं ओळख काढायला लागली. गाव सांगितलं, आळी सांगितली.

"म्हंजी पिंजाऱ्याच्या घराशेजारचं का?" तो म्हणाला.

ही गप्पच झाली. मग म्हणाली, "दादा, तुम्ही पिंजारी बघितला होता?"

"मी कुठला बघतोय, ताई. त्या जागंला तसंच म्हणत्यात. आता तितं पाण्याची टाकी हाय."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "गादी भरायला दारात पिंजारी आला की आज्जी आत निघून जायची. आई भाव करायची. मला वाटायचं, कापसाच्या धुरळ्यानं हिला खोकला येत असेल."

पाणी उतरायला अर्धा तास लागला. खिंडीत पोचलो तर फोनला रेंज आली. बाजूला सार्वजनिक बांधकामची पाटी, जिल्ह्याची हद्द दाखवणारी. जुनी सरहद्द इथंच होती. रस्ता रुंद करायचा म्हणून कडेच्या झाडांवर चुन्याचे आकडे टाकलेले. तिनं थोरल्या काकांना फोन लावला. काका आता ऐंशीच्या पुढं गेलेत, कानानं कमी, त्यामुळं ती दरी ओरडून विचारत होती.

"काका, आपल्याला खिंडीपर्यंत सोडलं त्या पिंजाऱ्याचं नाव काय होतं?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग काकांनी त्याचं नाव सांगितलं, त्याच्या बायकोचं सांगितलं, आणि दोन पोरांची. धाकटा माझ्या वयाचा होता, म्हणाले, आम्ही गोट्या खेळायचो. पुढं काय झालं ते हिनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पेट्रोलच्या पावतीच्या पाठीवर तिनं चारही नावं लिहून घेतली. मग मला म्हणाली, "चला, हळू घ्या, उतार आहे."