‘सायकलचे चाक’: एका न लिहिलेल्या शब्दाचा इतिहास

१/ ‘सायकलचे चाक’ असे म्हणताना एकच शब्द दोनदा उच्चारला जातो. ‘चाक’ हा संस्कृत ‘चक्र’ आणि प्राकृत ‘चक्क’ या वाटेने मराठीत आला. ‘सायकल’ आली ग्रीक ‘कुक्लोस’पासून, इंग्रजीच्या वाटेने. दोहोंचा पूर्वज एकच आहे. तो कोणीही कधी लिहून ठेवला नाही. तरीही एका लुप्त भाषेचा काळ ठरवताना त्याचीच साक्ष काढली जाते. #धागा

२/ २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स याने एक मत मांडले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतील साम्य योगायोगाने येणारे नाही. तिन्ही भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल. त्या उगमाला आज ‘आद्य भारत-युरोपीय’ म्हणतात. तिचा ना शिलालेख आहे, ना पोथी.

३/ मग तिचे शब्द कळतात कसे? लेकींची तोंडे पाहून आईचा चेहरा रेखाटावा, तसे. ‘चाक’ या अर्थाच्या शब्दांची ही रांग पाहा:
संस्कृत: चक्र
अवेस्ता: चख्र
ग्रीक: कुक्लोस
प्राचीन इंग्रजी: ह्वेओल (आजचा ‘व्हील’)
मध्य आशियातील तोखारी: कोकले (अर्थ: गाडी, रथ)

४/ या सर्वांवरून भाषाशास्त्रज्ञांनी मूळ रूप मांडले: *क्वेक्व्लोस्. यातील ‘क्व’ हा ओठांचा चंबू करून उच्चारलेला एकच ध्वनी समजावा. आरंभीची चांदणी ही प्रामाणिक कबुली आहे: हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, तर्काने उभे केले आहे. १९व्या शतकात आउगुस्ट श्लायखर याच्या लेखनामुळे ही खूण रूढ झाली.

५/ येथे एक शंका येते. मुळात दोन्ही वेळा ‘क्व’ होता, तर ‘चक्र’मध्ये आधी ‘च’ आणि नंतर ‘क’ का? उत्तर पुढच्या ध्वनीत आहे. पहिल्या ‘क्व’नंतर ‘ए’ होता. त्याच्या ओढीने भारत-इराणी शाखेत ‘क’चा ‘च’ झाला. दुसऱ्यानंतर व्यंजन होते, म्हणून तेथे ‘क’ टिकला. नंतर तो ‘ए’ स्वतः ‘अ’मध्ये मिसळून गेला.

६/ हा तालव्यीकरणाचा नियम १८७०च्या दशकात अनेक अभ्यासकांच्या जवळजवळ एकाच वेळी ध्यानात आला. ‘आणि’ या अर्थी संस्कृत ‘च’ आणि लॅटिन ‘क्वे’ शेजारी ठेवले की तो लगेच दिसतो. परिणाम मोठा झाला. काही बाबतींत लॅटिन-ग्रीकचे स्वर संस्कृतपेक्षा जुने ठरले. संस्कृत ही त्या भाषांची आई नसून थोर बहीण आहे, हे पक्के झाले.

७/ जर्मानिक शाखेत वेगळेच घडले. याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार तेथे ‘क’चा ‘ह’ होतो आणि ‘क्व’चा ‘ह्व’. म्हणून लॅटिन ‘क्वोद्’, तर इंग्रजी ‘व्हॉट’. त्याच नियमाने *क्वेक्व्लोस्चा ‘ह्वेओल’ झाला. ‘चक्र’ आणि ‘व्हील’ कानाला परके वाटतात, पण त्यांच्यातील अंतर नियमबद्ध आहे.

८/ या शब्दाच्या पोटात आणखी जुना धातू आहे: *क्वेल्-, म्हणजे फिरणे, वळणे. मराठीत ‘गरगर’, ‘भिरभिर’ होते तशी त्याची द्विरुक्ती होऊन फिरत राहणाऱ्या वस्तूचे नाव बनले. याच धातूपासून संस्कृत ‘चर्’ आला आणि त्यातून ‘चरणे’, ‘आचार’, ‘विचार’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वस्ती करणे, जमीन कसणे असा झाला. त्यातून ‘कॉलनी’ आणि ‘कल्चर’ आले.

९/ आता इतिहासाचा प्रश्न. वस्तू नसेल तर तिला नाव कोण देईल? आणि येथे शब्द एकटा नाही, सारी गाडीच आहे. संस्कृत ‘अक्ष’, लॅटिन ‘आक्सिस’, मराठी ‘आस’. संस्कृत ‘युग’, लॅटिन ‘युगुम’, इंग्रजी ‘योक’, मराठी ‘जू’. संस्कृत ‘रथ’, आणि चाक या अर्थी लॅटिन ‘रोता’.

१०/ चाकाचे वय उत्खननातून कळते. पोलंडमधील ब्रोनोचित्से येथील मडक्यावर चारचाकी गाड्यांची चित्रे कोरलेली आहेत, काळ इ.स.पू. ३५००च्या सुमारास. उत्तर जर्मनीतील फ्लिंटबेक येथे दफनटेकडीखाली त्याच सुमाराची चाकोरी उमटलेली सापडली. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाजवळच्या दलदलीत ५,००० वर्षांहून जुने लाकडी चाक आसासह मिळाले.

११/ म्हणून युक्तिवाद असा: चाकाची नावे सामाईक असतील, तर ती भाषा चाक येईपर्यंत फुटलेली नसावी. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९८७ मध्ये या भाषांचा प्रसार अनातोलियातील आद्य शेतकऱ्यांशी जोडला होता, म्हणजे चाकाच्या कितीतरी आधी. डेव्हिड अँथनी यांनी २००७ मध्ये चाकाच्या शब्दांवर भर देऊन काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाची बाजू मांडली.

१२/ आक्षेपही बळकट आहे: वस्तूबरोबर शब्दही गावोगाव गेला नसेल कशावरून? याचे उत्तर ‘सायकल’ देते. उशिरा उसना आलेला शब्द जुन्या ध्वनिनियमांतून जात नाही, म्हणून तो लगेच ओळखू येतो. ‘चक्र’ आणि ‘व्हील’ मात्र त्या नियमांतून गेले आहेत. तरी भाषा नुकत्याच वेगळ्या होत असताना झालेली उसनवारी अशी पकडता येत नाही. ही फट उरतेच.

१३/ सर्वांत बोलके मौन हित्ती भाषेचे आहे. अनातोलियातील या भाषेत जू म्हणजे ‘युकन्’, गाडीचा दांडा म्हणजे ‘हिश्श’ (संस्कृत ‘ईषा’). पण चाकाला ती ‘हुर्कि’ म्हणते. ‘चक्र’चा भाऊ तेथे आढळत नाही. *क्वेक्व्लोस् रूढ होण्यापूर्वीच ही शाखा निघून गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

१४/ शब्दाची साक्ष येथे थांबते. तो बोलणाऱ्यांचा रंग सांगत नाही, वंश सांगत नाही. १९व्या आणि २०व्या शतकांत भाषाकुळालाच वंश समजण्याची चूक झाली आणि तिचे भयंकर परिणाम युरोपने भोगले. भाषा रक्तातून येत नाही. ती शेजाऱ्याकडून, मालकाकडून, सासरहूनही येते.

१५/ घरातलाच पुरावा पाहा. प्राचीन इराणी ‘चख्र’मधील दोन ध्वनींची अदलाबदल होऊन फार्सीत ‘चर्ख’ झाला आणि त्यातून ‘चरखा’ भारतात आला. फार्सी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याची मराठीतील परंपरा शिवकालीन राज्यव्यवहारकोशापर्यंत जाते. पण ‘चरखा’ परका म्हणून हाकलावा, तर तो ‘चक्र’चाच सख्खा भाऊ निघतो.

१६/ २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. स्वातंत्र्यलढ्यातील तिरंग्यावर चरखा होता. नव्या ध्वजावर त्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. चिन्ह बदलले. शब्द मात्र, पाच हजार वर्षांपूर्वीच्या हिशेबाने, तोच राहिला.