कोडावरचा रंग : बाबचीच्या बियांपासून बाटलीतल्या सावळ्या रंगापर्यंत

वणीत एप्रिल लागला की पारा 45 च्या आसपास घुटमळायला लागतो. इथं कातडी काळवंडायला कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत. त्यामुळे युरोप-अमेरिकेत लोक अंग सावळं दिसावं म्हणून बाटलीतला रंग विकत घेतात, हे वर्गात सांगितलं तर पोरी हसतात. साहजिक आहे. आपल्याकडे 1975 पासून गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती चालू आहेत. 2020 साली त्यातल्या सगळ्यात मोठ्या क्रीमने नावातला 'फेअर' काढून टाकला, गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. पण आपल्याच गल्लीत असं एक माणूस असतं ज्याला हा बाटलीतला सावळा रंग खरोखर हवा असतो. ज्याच्या अंगावर कोड आहे, ते माणूस.

हे सगळं शोधायला कारण झाली माझी भाची. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. हातांच्या पाठीवर, घोट्यांवर आणि एका डोळ्याच्या कडेला पांढरे डाग. लग्न ठरलं आहे. मुलाकडच्यांना पहिल्या दिवशीच सगळं दाखवलं होतं, लपवाछपवी काही नाही. तरी चार बायकांच्या नजरा चुकवाव्यात म्हणून तिने ऑनलाइन एक परदेशी लोशन मागवलं. लावल्यावर तासाभरात मनगट लाल झालं आणि खाज सुटली. "खाला, माझी कातडीच नाजूक. माझ्यासाठी काहीच नाही का?" असं तिने विचारलं. मी ना डॉक्टर, ना हकीम. उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून सुरुवात शब्दांपासून केली.

अरबीत आणि उर्दूत या डागांना 'बरस' म्हणतात आणि महारोगाला 'जुज़ाम'. दोन वेगळे शब्द, दोन वेगळे आजार. कुरआनात हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्या हातून बरे होणाऱ्यांत जन्मांधाबरोबर 'अब्रस' येतो, म्हणजे बरस असलेला माणूस. आपल्या उर्दू तर्जुम्यांत मात्र बऱ्याच ठिकाणी त्याचा 'कोढ़ी' झाला आणि इंग्रजीत सरळ महारोगी. मराठीतला 'कोड' हा शब्द संस्कृत 'कुष्ठ'मधूनच आलेला. म्हणजे घोटाळा शब्दाच्या पोटातच आहे. कोड हा संसर्गाने होत नाही, त्यात बधिरपणा येत नाही, बोटं झडत नाहीत. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि तेवढ्या जागेचा रंग जातो, इतकंच. जगात शंभर माणसांमागे अर्ध्यापासून दोनपर्यंत लोकांना तो असतो, असा अंदाज आहे.

अरबांना हा फरक कळत होता आणि नुसता कळत नव्हता, त्यावर ग्रंथ लिहिले गेले. बसऱ्याचा अल-जाहिझ, नवव्या शतकातला अरबीचा सगळ्यात मिश्किल गद्यलेखक, याचं एक आख्खं पुस्तक बरस असलेले, लंगडे, आंधळे आणि तिरळे अशा लोकांवर आहे. ते दयेचं पुस्तक नाही. अशा खुणा अंगावर असलेले सरदार, शायर, नामांकित लोक त्यात येतात. इस्लामच्या आधीच्या काळातला हीरा भागाचा राजा जझीमा याच्या अंगावर बरस होता. त्याच्या तोंडावर तो शब्द उच्चारायची हिंमत कुणाची होणार? म्हणून लोक त्याला 'अल-अब्रश' म्हणजे ठिपकेदार आणि 'अल-वद्दाह' म्हणजे लखलखीत म्हणू लागले. दरबारी भाषा सगळीकडे सारखीच.

आपल्याकडची गोष्ट कोरडी आहे, पण महत्त्वाची. यवतमाळ जिल्ह्याचं नाव 1905 पर्यंत 'वून' होतं, म्हणजे आपली वणीच, इंग्रजांच्या उच्चारातली. त्या काळच्या जनगणनेत आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि महारोगी यांची वेगळी नोंद व्हायची. मोजणीदारांना सूचना असायची की फक्त पांढरं कोड असलेल्या माणसाला महारोग्यांत धरू नये. सूचना द्यावी लागली, यातच सगळं आलं. वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याला गेलं की आनंदवन लागतं. बाबा आमट्यांनी महारोग्यांसाठी उभं केलेलं ते गाव आपल्याकडच्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. तरीही आपल्याकडे कोड असलेल्या मुलीला 'आनंदवनात दाखवलं का?' असं विचारणारे भेटतात. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा 1939 चा. नवऱ्याला महारोग असेल तर बायकोला त्या आधारावर विवाहविच्छेद मागता येई. 2019 च्या दुरुस्तीने तो आधारही काढून टाकला, कारण महारोग औषधाने पूर्ण बरा होतो. कोड तर त्या कायद्यात कधी नव्हतंच. ते होतं फक्त मोहल्ल्याच्या कायद्यात.

आता इलाजाकडे येते, कारण रंगाची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

अथर्ववेदात पांढऱ्या डागांवर काळ्या वनस्पतीचा रंग चढावा अशी प्रार्थना आहे. आयुर्वेदात आणि आपल्या युनानीत या आजारावरचं सगळ्यात नावाजलेलं औषध म्हणजे बावची; उर्दूत बाबची. काळपट, चपट्या बिया, कडवट वासाच्या. त्या उगाळून किंवा तेल काढून डागावर लावायच्या आणि डाग उन्हात धरायचा. तिकडे मिसर आणि मगरिबमध्ये हीच युक्ती दुसऱ्या झाडाने केली जात होती. तेराव्या शतकात मालागाहून निघून दमास्कसला वारलेला इब्न अल-बैतार हा वनस्पतींचा जाणकार आपल्या औषधकोशात 'आतरीलाल' नावाच्या झाडाचं बी बरसवर देऊन रोग्याला उन्हात बसवण्याची पद्धत लिहून ठेवतो. दोन वेगळी झाडं, हजारो कोसांचं अंतर, आणि युक्ती एकच. त्याचं कारण विसाव्या शतकात कळलं. दोन्हींत सोरालेन जातीची द्रव्यं असतात, जी कातडीला उन्हासाठी हळवी करतात. सोरालेन हे नावसुद्धा बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडलं. 1940 च्या दशकात कैरोचे डॉक्टर अब्देल मोनेम अल-मुफ्ती यांनी आतरीलालमधून काढलेलं शुद्ध द्रव्य कोडाच्या रोग्यांवर वापरलं आणि त्यातूनच पुढे रुग्णालयातली औषध-आणि-किरण ही उपचारपद्धत उभी राहिली.

पुढचा भाग वाचून मी चाट पडले. 1950 च्या दशकात अमेरिकेत हेच द्रव्य गोऱ्या लोकांना लवकर सावळं करण्यासाठी गोळीच्या रूपात आजमावून पाहिलं गेलं. आपल्या कोडाच्या बिया त्यांच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या हौसेला! पण बावची काय की आतरीलाल काय, मात्रा चुकली की भाजतं. लावून उन्हात जास्त बसलं तर फोड येतात, आणि वणीचं ऊन म्हणजे काही कैरोच्या सकाळचं ऊन नव्हे. नाजूक कातडीच्या माणसाने यूट्यूबवर बघून बावचीचं तेल लावणं म्हणजे तव्यावर हात ठेवणं. आपल्याकडची पुष्कळ मंडळी बरसच्या इलाजासाठी हैदराबादला एर्रागड्ड्याच्या सरकारी युनानी संस्थेत जातात. तिथे निदान बघणारं कुणी असतं.

इलाज एक आणि रंग लावून झाकणं वेगळं. झाकण्याचा मोठा शोध अपघाताने लागला. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सिनसिनाटी शहरात ईवा विटगेनस्टाईन नावाच्या संशोधक, शरीरात साखर साठून राहण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन नावाचं साखरेसारखं द्रव्य पाजून तपासण्या करत होत्या. मुलांच्या तोंडातून ते सांडायचं, आणि जिथे सांडलं तिथे काही तासांनी कातडी तपकिरी व्हायची. कपड्याला मात्र डाग नाही. बाईंनी ते स्वतःच्या कातडीवर लावून पाहिलं. 1960 साली त्यांचा निबंध छापून आला आणि त्याच सुमारास सावळं करणारी पहिली लोशनं बाजारात आली. आज अशा जवळपास प्रत्येक बाटलीत हेच द्रव्य असतं, म्हणून आपण त्याला नुसतं 'डीएचए' म्हणू.

ते काम कसं करतं हे समजलं की नाजूक कातडीचा अर्धा प्रश्न सुटतो. भाकरी तव्यावर भाजताना तिच्यावर जो तपकिरी रंग चढतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. डीएचए कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी जुळतं आणि तपकिरी रंग तयार होतो. ऊन लागत नाही, खालच्या जिवंत पेशींशी संबंध येत नाही. तो थर झडतो तसा आठवड्याभरात रंगही जातो. आणि हे वाचताना मला आपली मेंदी आठवली. मेंदीतलं रंगद्रव्य लॉसोन. तेही याच मेलेल्या थरातल्या केराटिनला धरून बसतं. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी उन्हाचा त्रास होणाऱ्या रोग्यांसाठी ही दोन्ही एकापाठोपाठ एक लावून पाहिली होती. आपल्या आज्यांच्या हातावरची पानं तिकडे औषध म्हणून गेली होती.

मग भाचीचं मनगट लाल का झालं? डीएचएची स्वतःची अ‍ॅलर्जी होते, पण क्वचित. बहुतेक वेळा त्रास देतात ते बाटलीतले बाकीचे सोबती : अत्तराचा वास, अल्कोहोल, टिकवण्यासाठी घातलेली रसायनं. तिच्या बाटलीवर अननस आणि नारळाचं चित्र होतं, म्हणजे वास भरपूर. कोड असलेल्याला ही लाली नुसती खाजेपुरती नसते. ओरखडा, चटका, सूज झालेल्या जागी नवा डाग उमटण्याची प्रवृत्ती कोडात असते. त्यामुळे आमच्या घरी 'जरा आग होते, होईल सवय' हे चालत नाही.

याहून वाईट गोष्टी बाजारात आहेत. काळी मेंदी म्हणून विकलं जाणारं, तासाभरात काळं होणारं जे असतं, त्यात केसांच्या कलपातलं पीपीडी घातलेलं असतं. खरी मेंदी काळी नसतेच. पीपीडीने फोड येतात, आणि काहींना त्या जागी कायमचा पांढरा डाग पडतो. कपाळावरच्या टिकलीच्या गोंदातल्या आणि रबरी चपलांतल्या काही रसायनांनीही असे डाग पडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. जपानमध्ये तर 2013 साली एका मोठ्या कंपनीला आपली गोरं करणारी क्रीमं परत बोलवावी लागली, कारण हजारो बायकांच्या तोंडावर त्यांनी पांढरे चट्टे उठले होते.

आमच्या वणीच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून भाचीने मग बिनवासाचं, पाच टक्क्यांच्या आसपास डीएचए असलेलं साधं लोशन घेतलं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून दोन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. मग घोट्यावर, डागाच्या कडेच्या आतच, कापसाच्या काडीने. या बाटल्या गोऱ्या कातडीच्या हिशोबाने बनवलेल्या, म्हणून आपल्या रंगाला जुळायला एका थरात भागत नाही. पहिल्या दिवशी नारिंगी झाक आली, तिसऱ्या वेळी बरं जमलं. डोळ्याच्या कडेला मात्र नाही लावलं. डोळे, ओठ यांच्याजवळ हे लावायचं नसतं. आणि रंग आला म्हणून ऊन अडत नाही. डागावर सनस्क्रीन किंवा ओढणी लागतेच.

वजूचं काय, हा प्रश्न अम्मीने विचारला. मी मुफ्ती नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावं. पण मेंदीबाबत आपल्याकडे जो फरक केला जातो तो सगळ्यांना ठाऊक आहे : रंग पाण्याला अडवत नाही, थर अडवतो. डीएचएचा रंग मेंदीसारखाच कातडीत मुरलेला असतो, वर पापुद्रा राहत नाही. झाकायचं जाड, पाण्याने न जाणारं मलम असतं, ते मात्र थरच आहे. दिवसातून पाच वेळा हात धुणाऱ्याचा रंग हातावर लवकर फिका पडतो, हे भाचीने आठवड्यातच पाहिलं. घोट्यावर तो जास्त टिकला.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता' ही संस्था सुरू केली, त्याबद्दल मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. 2006 साली आलेला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा सिनेमाही याच विषयावर आहे. त्यातली नायिका डॉक्टर आहे आणि तिच्या तोंडावर कोड आहे. तो सिनेमा आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. उर्दूत असं काही आहे का, हे मी शोधते आहे. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.

भाचीचा निकाह शाबानमध्ये आहे. हातांच्या पाठीवरचे डाग ती रंगवणार नाही म्हणते, कारण दर दोन दिवसांनी लावत बसायचा कंटाळा येतो. मेंदी लावणारीला आताच सांगून ठेवलंय : घरी वाटलेली पानं, बाजारचा कोन नाही. डागावर मेंदी बाकीच्या हातापेक्षा उजळ, केशरी चढते, हे दोघींनी एका बोटावर करून पाहिलं. त्यामुळे तिथे दाट पानांची वेल काढायची ठरली आहे.