एका मिनिटाचा सिनेमा

सिनेमा म्हटलं, की आपल्याला तीन तासांचा, मध्यंतराचा आणि गाण्यांचा खेळ आठवतो. पण सिनेमा आपल्याकडे आला, तेव्हा तो मिनिटभराचाही नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या सहा चित्रफिती दाखवल्या गेल्या. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, असे त्यांचे विषय. एकेक फीत जेमतेम पन्नास सेकंदांची आणि तिकीट एक रुपया! पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथं चार आण्यांचंही तिकीट निघालं आणि गोषातल्या बायकांसाठी वेगळी सोय झाली.

हे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकारानं परदेशातून कॅमेरा मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती त्यांनी टिपली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो स्वागताचा सोहळाही त्यांनी चित्रित केला. आपल्या माणसानं आपल्या माणसांचं केलेलं हे चित्रण. दुर्दैवानं ती कुस्ती आज पाहायला मिळत नाही.

दादासाहेब फाळक्यांची सुरुवातही अशीच लहान आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याआधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी, म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. रोज थोडं थोडं चित्रण करत ते महिनाभर त्या रोपापुढे बसले. पडद्यावर मात्र ते रोप बघता बघता वाढलं. पेरणी झाली की उगवणीकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या परभणीच्या शेतकऱ्याला या फिल्मचं मोल वेगळं सांगायला नको.

१९४८ च्या जानेवारीत सरकारनं फिल्म्स डिव्हिजन सुरू केली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. मुख्य सिनेमाच्या आधी सरकारमान्य लघुपट दाखवणं ही टॉकीजच्या परवान्याची अटच होती. आम्ही त्याला नुसतं 'न्यूज' म्हणायचो. न्यूज चालू असेपर्यंत बरीच मंडळी बाहेर विडी ओढत उभी असत. मी मात्र आत बसायचो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला, तो अशाच एका छोट्या फिल्ममध्ये. प्रमोद पतींसारख्या दिग्दर्शकानं याच संस्थेत 'एक्सप्लोरर'सारखे अफलातून प्रयोग केले. विजया मुळे यांच्या कल्पनेतून १९७४ साली आलेली 'एक अनेक और एकता' ही काही मिनिटांची फिल्म तर एका पिढीला पाठ आहे.

या लघुपटांना मानाचं पान मिळालं ते १९९० साली, मुंबईत आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांच्यासाठी दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या महोत्सवात देशोदेशीच्या फिल्म येऊ लागल्या, त्यांना सुवर्णशंख मिळू लागला. जगण्यासाठी लघुपटाला मोठ्या सिनेमाचं शेपूट धरावं लागत नाही, हे त्यानं दाखवून दिलं. शेराला दोन ओळी पुरतात, जात्यावरच्या ओवीला साडेतीन चरण. मग सिनेमालाच तीन तास का लागावेत?

पण यात एक गोष्ट निसटली. पूर्वी परभणीत, सेलूत, जिंतूरला फिल्म यायची, तिला मान नव्हता. मुंबईत तिला मान मिळाला, पण टॉकीजमधली सक्ती उठल्यावर गावाकडचा पडदा तिला राहिला नाही. आज खेड्यातल्या पोराच्या खिशात कॅमेरा आहे. कापसाची वेचणी, उरुसातली गर्दी, आजीची ओवी तो मिनिटभरात टिपतो. ती फीत एकेकट्यानं पाहिली जाते आणि मोबाईल बदलला की पुसलीही जाते. सावेदादांच्या कुस्तीचं झालं, तेच या हजारो फितींचं होईल. जिल्ह्याच्या एखाद्या ग्रंथालयानं किंवा कॉलेजनं त्या गोळा करून जपाव्यात आणि वर्षातून एका संध्याकाळी गावासमोर पांढरा कपडा बांधून दाखवाव्यात. त्याला फार खर्च येणार नाही.