दाराबाहेरचा उमेदवार

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें पन्नास किलोमीटरांवर रांजणगांव लागतें. शिरूर तालुक्यांतील हें गांव अष्टविनायकांपैकीं महागणपतीमुळें महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. अलीकडे तेथील कारखान्यांमुळें परप्रांतींही ठाऊक झालें आहे. येथील स्थानाची कथा अशी सांगतात, कीं त्रिपुरासुराशीं युद्ध करावयास निघालेल्या शंकरास आरंभीं यश आलें नाहीं. कारण निघतांना गणेशाचें पूजन राहून गेलें होतें. चूक ध्यानांत आल्यावर त्यानें येथें गणेशाची आराधना केली आणि मग त्रिपुरासुराचा वध केला. कथेचा भक्तिपर अर्थ भाविकांस विदित आहेच. आम्हांस मात्र मागें एकदां दर्शनाच्या रांगेंत उभे असतां तींत दुसराच एक अर्थ दिसूं लागला. आरंभाच्या देवतेस डावलून प्रत्यक्ष महादेवालाही पुढें जातां आलें नाहीं. मग मनुष्याची काय कथा?

हा विचार मनांत येण्यास निमित्त होतें एका प्रश्नाचें. अमेरिकेंत दर चार वर्षांनीं अध्यक्षपदाची निवडणूक होते, आणि तिच्या आधीं प्रत्येक पक्ष आपला उमेदवार ठरविण्यासाठीं राज्याराज्यांतून प्राथमिक निवडणुका घेतो. अशा वेळीं तेथील वर्तमानपत्रें एक प्रश्न हटकून चर्चितात: पक्षाच्या धुरीणांस नको असलेला, बाहेरचा समजला जाणारा मनुष्य या निवडणुकींत विजयी होऊं शकेल काय? आपणांस हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदाचा इतिहास या प्रश्नाचींच निरनिराळीं उत्तरें देत आला आहे, आणि त्या उत्तरांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. येथें ‘बाहेरचा’ म्हणजे पक्षाचा सभासद नसलेला असा संकुचित अर्थ आम्ही घेत नाहीं. ज्यांच्या हातीं घराच्या किल्ल्या आहेत त्यांच्या मर्जीबाहेरचा, तो बाहेरचा.

पहिलें उदाहरण अर्थातच सुरतेचें. १९०७ सालचें अधिवेशन नागपुरास व्हावयाचें होतें. तेथें राष्ट्रीय पक्षाचा जोर दिसूं लागला आणि अधिवेशन सुरतेस हलविण्यांत आलें. अध्यक्ष निवडण्यांत त्या काळीं यजमान शहराच्या स्वागतमंडळाचा शब्द मोठा असे. शिवाय अध्यक्ष यजमान प्रांतांतील नसावा असा संकेत होता. सुरत मुंबई इलाख्यांत. म्हणजे केवळ स्थळ बदलतांच लोकमान्य टिळकांचें नांव विचारांतून बाद झालें! टिळकांनीं लाला लजपतराय यांचें नांव पुढें केलें, पण लालाजींनीं तें स्वीकारलें नाहीं. नेमस्तांच्या पसंतीचे डॉ. रासबिहारी घोष अध्यक्ष ठरले. २७ डिसेंबर रोजीं टिळक व्यासपीठावर गेले, त्यांस बोलूं देण्यांत आलें नाहीं, एक दक्षिणी जोडा व्यासपीठावर येऊन आदळला आणि सभा मोडली. लोकांच्या स्मरणांत तो जोडा राहिला; स्थळ बदलल्याची गोष्ट मागें पडली. आमच्या मतें ज्या दिवशीं नागपूर सुटलें त्याच दिवशीं निवडणुकीचा निकाल लागला होता. जोडा हा केवळ त्या निकालाचा आवाज.

या गोष्टीचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. सुरतेनंतर दूर राहिलेला राष्ट्रीय पक्ष १९१६ सालीं लखनौस पुन्हा सभेंत आला. त्यानंतर दोन वर्षांत प्रमुख नेमस्त बाहेर पडून आपली निराळी संस्था काढूं लागले, आणि १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठीं अध्यक्ष म्हणून टिळकांचीच निवड झाली. चिरोलवरील खटल्यासाठीं ते विलायतेस गेल्यामुळें पं. मदनमोहन मालवीय यांनीं ती जागा भूषविली, हा दैवाचा भाग. पण अकरा वर्षांपूर्वीं ज्यास बोलूं देण्यांत आलें नाहीं तोच आतां सर्वमान्य झाला. मनुष्य तोच होता. घर बदललें होतें.

पुढें अध्यक्षाची निवड निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या मतांनीं होऊं लागली, आणि बाहेरच्या उमेदवारास दार उघडें झाल्यासारखें दिसलें. १९३८ सालीं हरिपुऱ्यास अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस दुसऱ्यांदा उभे राहिले. वडीलधाऱ्यांची पसंती डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांना होती. कार्यकारिणीच्या सात सभासदांनीं सुभाषबाबूंच्या फेरनिवडणुकीविरुद्ध निवेदन काढलें. त्यांत वल्लभभाई पटेल व राजेन्द्रप्रसाद यांच्याबरोबर वर्ध्याचे जमनालाल बजाज आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव होते. तरीही २९ जानेवारी १९३९ रोजीं सुभाषबाबूंना १५८० मतें पडलीं आणि सुमारें दोनशें मतांच्या आधिक्यानें ते विजयी झाले. मग अडलें कोठें? मार्चमध्यें जबलपूरजवळ त्रिपुरी येथें अधिवेशन भरलें. आजारी अध्यक्ष तापानें फणफणत असतां पं. गोविंदवल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला, कीं कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. गांधीजींशीं त्यांचें एकमत होईना, कार्यकारिणी बनेना. २९ एप्रिल रोजीं कलकत्त्यास सुभाषबाबूंनीं राजीनामा दिला. स्थळाचें नांव त्रिपुरी असावें हा योगायोगच; पण रांजणगांवची कथा ज्यास ठाऊक आहे त्यास तो चटका लावल्यावांचून राहत नाहीं. मतें जिंकतां आलीं, घर जिंकतां आलें नाहीं.

अकरा वर्षांनीं काळानें एक विलक्षण फेरा घेतला. १९५० च्या अध्यक्षीय निवडणुकींत पुरुषोत्तमदास टंडन यांच्यामागें सरदार पटेलांचें बळ होतें, तर आचार्य कृपलानींकडे पंडित नेहरूंचा कल होता. तिसरे उमेदवार होते शंकरराव देव. टंडनांस १३०६, कृपलानींस १०९२ आणि देवांस २०२ मतें मिळालीं. १९३९ सालीं घराच्या आंत बसून बाहेरच्या उमेदवारास विरोध करणारे शंकरराव १९५० सालीं दोन्ही बलाढ्य गटांच्या बाहेर उभे होते. आंतला कोण आणि बाहेरचा कोण, हें माणसाच्या गुणांवर ठरत नाहीं. किल्ल्या कोणाकडे आहेत यावर ठरतें. आणि टंडनांचें काय झालें? पंतप्रधानांशीं न जमल्यामुळें सप्टेंबर १९५१ मध्यें त्यांनाही पद सोडावें लागलें, व स्वतः नेहरू अध्यक्ष झाले.

दौंडच्या शेजारच्या बारामतीचे शरद पवार १९९७ सालीं याच वाटेनें गेले. विद्यमान अध्यक्ष सीताराम केसरी यांस ६२२४, पवारांस ८८२ आणि राजेश पायलट यांस ३५४ मतें पडलीं. पवार कांहीं अनोळखी गृहस्थ नव्हते. मुख्यमंत्री व संरक्षणमंत्री होऊन गेलेले पुढारी होते. पण मतें देणाऱ्या प्रतिनिधींचें सूत्र प्रांतोप्रांतींच्या संघटनेच्या हातीं, आणि संघटना केसरींच्या हातीं. तरी एवढ्या प्रचंड मताधिक्याचें मोल किती, तें पुढच्याच वर्षीं दिसलें. मार्च १९९८ मध्यें कार्यकारिणीनें केसरींस दूर सारून सोनिया गांधींस अध्यक्ष केलें. १९९९ सालीं पवारांनीं निराळा पक्ष काढला. २०२२ सालीं शशी थरूर यांनीं मल्लिकार्जुन खर्गे यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली, तेव्हां त्यांची पहिली मागणीच मतदारांच्या यादीविषयीं होती. खर्गे यांस ७८९७ मतें पडलीं, थरूर यांस १०७२. थरूर हरले; पण बोट त्यांनीं नेमकें दुखण्यावर ठेवलें होतें.

आतां अमेरिकेकडे पाहूं. १९१२ सालीं थिओडोर रूझवेल्ट यांनीं बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या, पण त्या वेळीं अशा निवडणुका थोड्याच राज्यांत होत. उमेदवारी संघटनेच्या पसंतीच्या टॅफ्ट यांस मिळाली. १९६८ सालीं तर ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवितां डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्यावरून एवढा क्षोभ उसळला कीं नियमच बदलले आणि निवड सामान्य मतदारांच्या हातीं गेली. १९७६ सालीं जिमी कार्टर हे देशाला फारसे ठाऊक नसलेले गृहस्थ त्याच दारानें आंत आले. २०१६ सालीं दुसऱ्या पक्षांत डोनाल्ड ट्रंप आले, ज्यांनीं त्यापूर्वीं कोणतेंही लोकनियुक्त पद भूषविलें नव्हतें. त्याच वर्षीं बर्नी सँडर्स मात्र हरले. दार रुंद झालें म्हणजे बाहेरचा जिंकेलच असें नव्हे. जिंकूं शकेल, एवढेंच. आणि आंत येणारा उत्तमच असेल अशी हमी तर कोणतेंच दार देत नाहीं.

तेव्हां प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें असें आहे. बाहेरचा उमेदवार जिंकूं शकतो, पण त्याच्या वक्तृत्वापेक्षां मतदारांची यादी अधिक बोलते. यादी जेथें मूठभरांनीं केलेली तेथें निकाल मतपेटी उघडण्यापूर्वींच लिहिलेला असतो. यादी रुंद असेल तर त्यास विजय मिळूं शकतो. पण ज्या मंडळाबरोबर कारभार करावयाचा तें मंडळ जुनेंच राहिलें तर त्याच्या वांट्यास त्रिपुरी येते.

हा वाद दिल्लीपुरता नाहीं. सरपंच पंचायतीच्या सदस्यांनीं निवडावा कीं ग्रामस्थांनीं थेट, यावर महाराष्ट्रानें थोडक्या वर्षांत तीनदां मत बदललें: २०१७ सालीं थेट निवडणूक आली, २०२० सालीं गेली, २०२२ सालीं पुन्हा आली. थेट निवडलेल्या सरपंचासमोर विरोधी सदस्यांचें बहुमत बसलें, म्हणजे सुभाषबाबूंची अडचण गांवच्या चावडीवर अवतरते. आपलीं वाचनालयें, शिक्षणसंस्था, सहकारी बँका यांच्या निवडणुकाही याहून निराळ्या नाहींत. तेथें आपण उमेदवारांच्या गुणदोषांवर तासन्‌तास वाद घालतों. सभासदांची यादी केव्हां झाली, तींत कोणाचीं नांवें आहेत आणि कोणाचीं गळलीं, हें पाहण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाहीं. सर्व उत्साह मतदानाच्या दिवसासाठीं राखून ठेवण्याची ही खोड आपल्या सुशिक्षित वर्गास विशेषच आहे.

रांजणगांवीं जाणारा भाविक कोणत्याही कार्याच्या आरंभीं गणेशाचें स्मरण करतो. लोकशाहींत आरंभाचा मान मतदारांच्या यादीस आहे. धुरीणांची मनधरणी करणें ही त्या देवतेची पूजा नव्हे. ती यादी उघडी ठेवणें, वेळेवर वाचणें आणि तींत गळलेलें नांव परत घालावयास लावणें, ही खरी पूजा होय. ती करण्यास उमेदवार व्हावें लागत नाहीं.