फाटलेली महाधमनी: टाक्यांपासून स्टेंटपर्यंत

छातीला जबर हिसका बसला की हृदय आणि महाधमनीची कमान पुढे झेपावते, पण कण्याला धरून असलेला खालचा भाग जागचा हलत नाही. या ओढाताणीत डाव्या हाताच्या धमनीच्या उगमापाशी भिंत फाटते. कारणे दोनच ठळक: वाहनाची टक्कर आणि उंचावरून पडणे. सह्याद्रीतल्या भंडारदऱ्याच्या परिसरात घाटरस्ते आहेत आणि कळसूबाई-रतनगडाचे कडेही, म्हणजे धोका दोन्ही बाजूंनी.

१९५८ मध्ये पार्मली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २९६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. बहुतेक नोंदी शवविच्छेदनाच्या होत्या आणि ८० टक्क्यांहून अधिक जण रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचलेच नव्हते. पुढच्या काळात जिवंत पोहोचलेल्यांची छाती उघडून, महाधमनी चिमट्याने बंद करून फाटका भाग शिवत किंवा तिथे कृत्रिम नळी बसवत. त्या वेळात मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटे. १९९४ मधील एका मोठ्या संकलनात शस्त्रक्रियेनंतर सुमारे २१ टक्के रुग्ण दगावले होते आणि जवळपास १० टक्क्यांचे पाय लुळे पडले होते. जीव वाचवण्याची ही किंमत फारच जड होती.

वाट बदलली ती १९८७ मध्ये, सोव्हिएत संघातील खार्किवमध्ये. शल्यविशारद निकोलाय व्होलोदोस यांनी जांघेतील धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीच्या आधाराची कृत्रिम नळी, सरकवून अपघातानंतर फुगलेली छातीतील महाधमनी आतून सांधली. सोव्हिएत संघाबाहेर याची दखल मात्र उशिरा घेतली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी बहुकेंद्री अभ्यासात १९३ रुग्णांपैकी १२५ जणांना स्टेंट बसवला होता. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ७.२ टक्के होते, तर छाती उघडलेल्यांत २३.५ टक्के. अर्थात हे आकडे रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचे. जागीच गेलेले त्यांत नाहीत. शिवाय स्टेंट बसवलेल्या पाचांपैकी एका रुग्णात उपकरणाशी निगडित गुंतागुंत झाली, त्यातही कडेने रक्त झिरपणे अधिक. तरुणांची महाधमनी अरुंद आणि कमान तीव्र वळणाची. सुरुवातीची उपकरणे मात्र वयस्कांच्या फुगलेल्या, रुंद धमन्यांच्या मापाची होती.

आडवळणाच्या गावांच्या दृष्टीने त्याच काळातला दुसरा शोध कदाचित अधिक मोलाचा ठरला. रक्तदाब आणि नाडीचा वेग औषधांनी आटोक्यात ठेवला, तर पुष्कळ रुग्णांत दुरुस्ती तासांनीच नव्हे, दिवसांनीही करता येते. डोक्याच्या किंवा पोटाच्या इजेकडे आधी पाहता येते. अगदी किरकोळ, फक्त आतल्या अस्तराच्या फाटीला तर २०११ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियाच लागत नाही.

असा मिळालेला वेळ रुग्णाला शहरापर्यंत नेण्यासाठी लागतो. महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. भंडारदऱ्याहून घोटीमार्गे नाशिक साधारण ७० किलोमीटर, मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. निदानाला सीटी स्कॅन हवा, स्टेंटला सुसज्ज शस्त्रक्रियागृह. त्यानंतरही काम संपत नाही: स्टेंट सरकला नाही ना, झिरपत नाही ना, हे ठरावीक काळाने स्कॅन करून पाहावे लागते. विशीतल्या रुग्णासाठी ही तपासणी काही दशकांची असते आणि डोंगरातल्या माणसाला प्रत्येक वेळी शहराची फेरी व एक दिवसाची मजुरी त्यापायी घालवावी लागते.