सुकाणूं यंत्राच्या हातीं

वादळानें, धुक्यानें किंवा कप्तानाच्या मद्यपानानें नाश पावलेल्या जहाजांच्या कथा नौकानयनाच्या इतिहासांत पुष्कळ आहेत. १९९५ सालीं ‘रॉयल मॅजेस्टी’ हें उतारूंचें जहाज वाळूंत रुतलें, त्यास यांपैकीं एकहि कारण नव्हतें. म्हणूनच तें प्रकरण आम्हांस विशेष विचारणीय वाटतें.

९ जून रोजीं हें जहाज बर्म्यूडाहून अमेरिकेंतील बॉस्टन बंदरास जाण्यास निघालें. उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान सांगणारें एक यंत्र व त्याबरहुकूम मार्ग राखणारें स्वयंचलित सुकाणूं, अशी त्यावर योजना होती. तासाभराच्या आंतच संकेत आणणारी तार निसटली. यंत्र बंद पडतें तर बरें झालें असतें! तें केवळ वेग व दिशा यांवरून अदमासानें स्थान सांगूं लागलें, आणि हा पालट त्याच्या पडद्यावर बारीक अक्षरांनीं दिसत होता. इकडे वारा व प्रवाह जहाजास पश्चिमेकडे रेटीत होते.

अधिकारी कांहीं झोंपलेले नव्हते. ते नकाशावर वेळोवेळीं स्थान मांडीत होते. पण मांडीत होते तें त्याच यंत्रानें सांगितलेलें. लोरान नांवाचें दुसरें यंत्र खरें स्थान दाखवीत असतां त्याशीं ताळा कोणी पाहिला नाहीं. रडारवर एक बोया दिसला, तो अपेक्षित बोयाच असें धरून चालले. वस्तुतः तो एका बुडालेल्या जहाजाच्या जागेचा होता. पुढचा बोया दिसलाच नाहीं, तरी दिसला असें कप्तानास सांगण्यांत आलें. टेहळणीवरील खलाशांनीं समोर निळेंपांढरें पाणी असल्याची वर्दी दिली, तीहि व्यर्थ गेली. १० जूनच्या रात्रीं साडेदहाच्या सुमारास, ठरल्या मार्गापासून १७ मैल दूर, नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेस जहाज वाळूच्या दांड्यावर चढलें. त्यावर १,५०९ माणसें होतीं. सुदैवानें जीवितहानि झाली नाहीं.

यास निव्वळ हलगर्जीपणा म्हणावयास आम्ही तयार नाहीं. रडारपुढें बसणाऱ्या सैनिकांच्या अनुभवावरून नॉर्मन मॅकवर्थ यांनीं केलेले प्रयोग १९४८ सालीं प्रसिद्ध झाले. नुसतें पाहत बसणाऱ्याचें अवधान अर्ध्या तासांतच ढळूं लागतें, असें त्यांना आढळलें. (परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षक म्हणून उभे राहिलेल्या आम्हां प्राध्यापकांस हें निराळें सांगावयास नको!) पुढें १९८३ सालीं लिझान बेनब्रिज या विदुषीनें दाखविलें कीं, सोपें काम यंत्राकडे देऊन आणीबाणीचें तेवढें माणसाकडे ठेवलें जातें, आणि त्या आणीबाणीस लागणारा हात मात्र सवयीवांचून बोथट होतो.

त्या जहाजावर पाण्याची खोली मोजणारें यंत्र होतें, व उथळ पाणी येतांच इशारा देण्याची सोयहि त्यांत होती. तो इशारा शून्य मीटरवर लावून ठेवलेला होता.